माझ्या फाईलीतला लाल-निळा

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत एक रीत होती. सीनियरने लिहिलेली कोडची फाईल त्याला विचारल्याशिवाय उघडायची नाही. ती रीत मीच पाडली होती. आज तिच्यावर थुंकावंसं वाटतं.

कारखान्यातल्या यंत्रांचे पडदे रंगवणारी आमची ग्राफिक्स लायब्ररी मी तरुणपणी विंडोजसाठी लिहिली. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला ती लिनक्सवर हवी झाली, तीही मध्ये विंडोजचं सोंग आणणारं काही न घालता, थेट. काम हळर्णहून स्कूटरने येणाऱ्या एका मुलीला दिलं. खिडक्या, अक्षरं, रेषा, माऊस, सगळं तिने चार महिन्यांत चालवून दाखवलं. फक्त रंग उलटले. लाल तिथे निळं, निळं तिथे लाल. यंत्र तापलं की पडदा शांत निळा.

पडदा बघताच मला कळलं. रंगांचे आकडे विंडोजला लागतात त्याच क्रमाने मी माझ्या फाईलीत ठोकून बसवले होते, कुठे नोंदसुद्धा न करता. तिच्या लिनक्सला ते उलटे हवे होते. तिने विचारलं, सर, तुमची फाईल एकदा बघू?

"ती इतकी वर्षं चालतेय," मी चहाचा कप खाली न ठेवता म्हटलं. "तू तुझं बघ."

तीन आठवडे ती स्वतःचाच कोड उसवताना दिसायची. साहेब येता-जाता विचारायचे, काय बाय, रंगपंचमी संपली की नाही? सगळे हसायचे. मीही हसायचो, मेल्या मनाचा. गणेश चवथीच्या सुट्टीआधी गिऱ्हाईक आलं, पडदा निळाच होता, आणि सुट्टीनंतर येऊ नको असं तिला सांगितलं गेलं. चवथ झाल्यावर मी एक ओळ बदलली. दहा मिनिटांचं काम. साहेबांनी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली.

गेल्या महिन्यात साहेबांना एकदाचं खरं सांगितलं. सोड रे, चाललं ना शेवटी, म्हणाले. त्या 'सोड रे'ने डोकं असं फिरलं की तसाच उठून हळर्णला गेलो.

ती अंगणात कोकमाची सोलां वाळत घालत होती. मी उभ्या-उभ्या सगळं ओकलो. तिचे हात थांबले नाहीत.

"माका म्हायत होता, सर. तिसऱ्याच दिसा तुमची फाईल उघडून बघितलंय. तुमी सांगशात म्हणान वाट बघत रवलंय."

मग साहेबांकडे का नाही गेलीस, असं मी तिच्यावरच ओरडलो. बघा माझी हिंमत. तुमच्या फाईलीबद्दल तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं त्यांनी ऐकलं असतं का, तिने विचारलं.

आमच्याकडे दारात परका आला तरी आधी पाणी विचारतात. तिने विचारलं नाही. बरं केलं.