पापलेटासारखी तोललेली हार्ड डिस्क

सुक्या बोंबलाचा वास आला की मला बोईसरचं ते एसी लावलेलं कम्प्युटरचं दुकान आठवतं. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ घरच्या जुन्या कम्प्युटरात होता आणि कम्प्युटर शेवटचे आचके देत होता, म्हणून आमी नवराबायको बाजार उरकून, बोंबलाच्या टोपलीसकट, हार्ड डिस्क घ्यायला गेलो. शाळा मी बाहेरूनच बघितलेली, पण आकडे कळतात. सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात कमी किंमत बघून मी एक उचलली. "एवढी मोठी गावात कोणाकडं नाय," मी म्हटलं. बायकोचा जन्म मासळी विकण्यात गेलेला. तिने ती पापलेटासारखी हातावर तोलली, मग बाजूची लहान आकड्याची तोलली. "अवो, तुमची आतून पोकळ हाय." मी दुकानदाराकडं बघून खो-खो हसलो, "ही काय मासळी हाय?" तो हसलाच नाय. "भाभी सही बोली. उसकी गॅरंटी मैं नहीं देता." मी टोपली उचलली. आमी लहानीच घेतली, आणि लग्न अजून तिच्यात जसंच्या तसं हाय. फक्त पाठवणीला मी हुंदके देताना दिसतो, आणि गावभर मी सांगितलेलं की डोळ्यात घाम गेला.