दूध केंद्राच्या प्रोग्राममधली आंबील

ये गं पोरी, मनानं तरी जवळ येऊन बस. पायांनी काही तू धाराशिवहून आपल्या ईट गावाला येईनास! मावशीचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम नीट करायला नेलास, धुऊनपुसून परत पाठवलास, आन् मावशीला विसरलीस व्हय?

दूध केंद्राच्या हिशोबाचा तो प्रोग्राम मी मोबाइलवरचे धडे बघून, एकटीनं शिकून लिहिला होता. त्यात कामाच्या ओळी थोड्या, माझ्या टिपाच लई. 'ही ओळ म्हशीच्या दुधाची, हात लावू नका.' 'इथं अडलं तर मला हाक मारा.' आन् केंद्रातले मारायचे की! घडीघडीला. मला त्याचा भारी दिमाख.

तू टिपा काढल्यास. मी दिलेली क, ख, ग ही नावं काढून जिथल्या तिथं सरळ नावं दिलीस: म्हशीचा दर, सकाळचं दूध. केंद्राचे सचिव म्हणाले, "मावशी, आता मलाबी वाचता येतंय. तुम्हाला तरास न्हाय."

तरास न्हाय म्हणे! तेव्हापासून हाक बंद. चष्मा लावून तुझ्या ओळी चाळल्या, खोट काढायलाच. सापडंना. नुसती जळत बसले.

मग आली वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा आपला सण. आंबिलीच्या ताकाला, खिरीला दूध घरीच राहतं, केंद्रावर थेंब येत न्हाय. शेतात पंगतीला बसलेल्या अख्ख्या गावाच्या मोबाइलवर प्रोग्रामनं आपोआप मेसेज धाडला: 'दूध आले नाही. खाते बंद का करू नये?'

सचिवांचा फोन, "मावशी, पळत या!" खोटं कशाला बोलू, हसत गेले.

तुला विचारलं तर म्हणतीस, "मावशी, त्या अमावस्येच्या ओळीवर तुमची अर्ध्या पानाची टीप होती. आंबील कशी घुसळायची, भज्जीच्या भाजीत काय काय घालायचं. मला वाटलं, पाककृती जपून ठेवलीय. ओळीसकट काढली."

अगं, कारण शेवटी लिहिलं होतं की! तिथवर तू पोचलीच न्हाईस.

मग ओळ परत घातलीस, वर एवढंच लिहिलंस: 'वेळ अमावस्येला दूध घरी राहतं. कुणाला मेसेज पाठवू नये.' झालं. माझं अर्धं पान त्यात मावलं. मी पुन्हा जळाले.

आता केंद्राला पेंडीच्या विक्रीसाठी नवा प्रोग्राम पाहिजे. मी लिहायला घेतलाय. टिपा छोट्या ठेवते, पण हात थांबत न्हाय गं. सचिवांच्या आधी तू वाच. फोनवर न्हाय, इथं माझ्या शेजारी बसून. या रविवारची एसटी धर. येतीस ना?