शेवटचा होकार कुठे ऐकला

कुंभकोणमात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापतो, देवळांची पत्रकं छापतो, पण सगळ्यात जास्त काम दुकानदारांच्या बिलबुकांचं. प्रत्येक बिलाच्या तळाशी, सगळ्यात बारीक टाइपात एक ओळ असतेच: वाद झाल्यास तो कुंभकोणमच्या न्यायालयातच चालेल. ही ओळ मी तीस वर्षं छापत आलो. तिचा अर्थ एकाही गिऱ्हाइकानं विचारला नाही, आणि मलाही तो विचारावासा वाटला नाही. पुरता कळला तेव्हा मी पंचावन्न वर्षांचा होतो आणि कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो.

झालं असं, की पत्रिकांची पाकिटं कापायला मला मशीन हवं होतं. ते कोइंबतूरलाही मिळालं असतं. पण मोबाइलवर पुण्याच्या एका कारखान्याची जाहिरात दिसली, मी फोन लावला आणि पलीकडून मराठी ऐकू आली! आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. परक्या माणसाशी मराठीत व्यवहार करायची संधी मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. पलीकडे विक्रीचा व्यवस्थापक होता. तो हसून म्हणाला, "काका, तुमची मराठी जुन्या पत्रातल्यासारखी वाटते हो. ऐकत राहावंसं वाटतं." मी हुरळून गेलो. बायको म्हणाली, "मशीन घेताय, की मराठी बोलायला माणूस?"

त्यानं व्हॉट्सअॅपवर कोटेशनचा फोटो पाठवला. मी तो माझ्याच कागदावर छापून काढला आणि सहीच्या वर पेनानं एक ओळ लिहिली: "यंत्र कुंभकोणमास आणून, बसवून, चालवून दाखवावें, मगच सौदा पुरा." सही करून त्याचा फोटो परत पाठवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "काका, तुमची अट मालकांना मान्य आहे. ठरलं!"

मशीन आलं. दोन माणसं बसवून गेली. पाकिटं कापली जात होती, पण प्रत्येकाची एक बाजू तांदळाच्या दाण्याएवढी तिरकी. "चालवाल तसं सेट होईल," असं सांगून ती माणसं बसस्टँड गाठायला निघाली. ते काही सेट झालं नाही. मी फोन करत राहिलो. व्यवस्थापकाची मराठी कोरडी होत गेली, आणि पुढे तो फोनच उचलेना. मशीन नीट करून द्या, नाहीतर घेऊन जा, एवढंच माझं म्हणणं होतं. चार महिन्यांनी मी कोर्टामागच्या गल्लीतल्या एका वकीलबाईंकडे गेलो आणि आम्ही इथल्याच कोर्टात दावा लावला.

कारखान्याच्या बाजूनं आमच्याच गावचे एक वयस्कर वकील उभे राहिले. त्यांचं उत्तर आलं तेव्हा मी ते दोनदा वाचून घेतलं. तिरक्या पाकिटांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच होतं: हा दावा ऐकण्याचा अधिकारच या कोर्टाला नाही. बिलाच्या मागच्या बाजूला छापलंय, वाद पुण्याच्याच न्यायालयात.

"म्हणजे मशीन वाकडं आहे की सरळ, हे कुणी बघणारच नाही?" मी विचारलं.

"आत्ता नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आधी कोर्ट स्वतःकडे बघणार. हा वाद माझा आहे का, हे ठरल्याशिवाय न्यायाधीश आत पाऊल टाकत नाहीत. आणि कारखान्याचं म्हणणं मान्य झालं, तर दावा फेटाळणार नाहीत, तुमच्या हातात परत देतील. तो घेऊन पुण्याला जायचं."

त्या दिवशी मी सुन्न होऊन घरी आलो. छापखाना बंद ठेवून दर तारखेला पुणं? पण आठवडाभरानं वकीलबाईंनी सगळे कागद टेबलावर पसरले आणि खटल्यातला माझा खरा आनंद तिथे सुरू झाला.

त्या इकडच्या पद्धतीनं 'सर'चं 'सार' करत म्हणाल्या, "सार, प्रश्न दोन आहेत. या कराराचा काही भाग कुंभकोणमात घडला का? आणि घडला असला, तरी फक्त पुण्यालाच जायचं असं तुम्ही कबूल केलं होतं का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर पहिल्याचा उपयोग नाही." मग त्यांची नजर माझ्या पेनाच्या ओळीवर पडली. "हे कुणी लिहिलं?"

"मीच. मराठीत आहे." मी अर्थ सांगितला.

त्या खुर्चीत ताठ झाल्या. "त्यांच्या कोटेशनला तुम्ही नुसतं 'हो' म्हटलं नाहीत तर! तुम्ही नवी अट घातलीत. म्हणजे तो तुमचा प्रस्ताव झाला. शेवटचा होकार त्यांचा. तो कसा आला?"

"फोनवर."

"फोनवरचा करार जिथे होकार ऐकला जातो तिथे पुरा होतो. तुम्ही कुठे होतात?"

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. "इथेच, मेलकावेरीत. सलूनमध्ये. अर्धी दाढी झाली होती."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की बाहेर बसलेला कारकून डोकावला. "म्हणजे करार कुंभकोणमात झाला, सार! सलूनमध्ये, पण कुंभकोणमात!"

मला त्या रात्री जेवण सुचेना, इतका मी चेकाळलो होतो. करार ही वस्तू कुठेतरी जन्माला येते, तिला गाव असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी बायकोला पानावरून उठू देईना. वांग्याची भाजी पुणं आणि आमटी कुंभकोणम करून तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, "ते बरं आहे. पण मागच्या पानाचं काय?"

तेच तर अवघड होतं. साक्षीच्या दिवशी वयस्कर वकील बरोबर तिथेच आले. अतिशय गोड आवाजात त्यांनी विचारलं, "आपण छपाई करता. बिलाच्या मागे अटी असतात हे आपल्याला माहीत असणारच?"

"माहीत आहे."

"या कोटेशनच्या तळाशी 'अटी मागील बाजूस' असं छापलंय. सही करताना वाचलंत?"

माझ्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले. नाही म्हणता आलं असतं. पण अक्षरं वाचणं हा माझा धंदा, खोटं कसं बोलणार? "वाचलं," मी म्हणालो. "मग कागद उलटला."

"आणि काय दिसलं?"

"कोरा होता, अय्या," तमिळमध्ये वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं मी म्हणालो. "त्यांनी पुढच्या बाजूचाच फोटो पाठवला होता. मागची बाजू मशीनबरोबर आली, पेटीत, बिलाच्या रूपानं."

वकील पुढचा प्रश्न विचारायला गेले, पण न्यायाधीशांनी हात वर केला. ते स्वतः माझ्याकडे वळले. "मागे काय आहे, हे तुम्ही त्यांना विचारलं का?"

"नाही, अय्या. मी माझी अट लिहिली. त्यांना आणखी काही सांगायचं असतं तर फोनवर सांगतील, असं वाटलं. त्यांनी ठरलं म्हटलं."

"हा फोन कुठे आला?"

मी सलूनचं सांगितलं. अर्धी दाढी मात्र माझ्या तोंडून आपोआप निघून गेली. कोर्टात खसखस पिकली, वयस्कर वकीलही हसले. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत राहिले. ते काय लिहितात हे बघायला मी पिंजऱ्यात टाचा उंचावल्या होत्या, हे वकीलबाईंनी मला नंतर सांगितलं.

निकाल सहा आठवड्यांनी आला. न्यायाधीशांनी तो संथपणे वाचला. ठरवून एकाच गावच्या कोर्टात जाण्याचं कबूल केलं असेल, तर तो शब्द पाळावाच लागतो, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं, आणि मी मनात पुण्याच्या फेऱ्या मोजू लागलो. पण कबूल केलं हे दाखवण्याची जबाबदारी त्यांनी कारखान्यावर टाकली. पानाची एकच बाजू पाठवून दुसरीवरच्या अटीला समोरच्याची संमती धरता येत नाही. करार पुरा झाल्यावर पेटीतून आलेला कागद त्या कराराचा भाग होत नाही. मशीन चालवून दाखवायचं ठरलं कुंभकोणमात, होकार ऐकला गेला कुंभकोणमात. दावा इथेच चालेल.

बाहेर पडल्यावर मी वकीलबाईंचे हात धरून हलवत होतो. मशीनबद्दल अजून कुणी एक शब्द बोललं नव्हतं, तरी मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

पुढचं मात्र झटपट झालं. महिनाभरात कारखान्यानं एक अनुभवी तंत्रज्ञ पाठवला. साठीचा गृहस्थ, गळ्यात तुळशीची माळ. तीन दिवस तो आमच्याकडे जेवला आणि माझ्या बायकोचं बोलणं कान देऊन ऐकत राहिला. मशीनखालचा पाया एका कोपऱ्यात दबला होता, आणि आतली एक पट्टी वाकली होती. त्यानं दोन्ही नीट केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाकिटं सरळ पडू लागली. त्यानं एक पाकीट उजेडात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आता चालवून दाखवलं, असं म्हणायला हरकत नाही."

दोन्ही बाजूंनी तडजोडीच्या कागदावर सह्या केल्या. न्यायाधीशांनी तो पाहिला आणि मला विचारलं, "समाधान झालं ना? आता काही सांगायचं नाही?"

"नाही, अय्या," मी म्हणालो. खरं तर मला थोडं वाईटच वाटत होतं. मशीनविषयीची साक्ष मी आरशासमोर उभा राहून पाठ केली होती, आणि ती आता कुणीच ऐकणार नव्हतं.