तोंडावरचा पदर

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी गावातल्या शाळेत होती आणि सिस्टरच्या हाताशी दिवा धरायला मी होते. टेबलावर आडवी झाली की प्रत्येक बाई आधी तोंडावर पदर ओढून घ्यायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. तोंड झाकलं की उघडं अंग जणू आपलं राहतच नाही. मला मात्र ते बघून कसंतरीच व्हायचं. एरवी असं पुरतं तोंड आपण कुणाचं झाकतो?

सिस्टर आत व्हिनेगरसारखं औषध लावून मिनिटभर थांबायची. काही बिघडलेलं असेल तर तिथे पांढरं उमटतं. तेवढा वेळ वर्गात तो आंबूस वास आणि श्वासागणिक आतबाहेर होणारा पदर, बाकी काही नाही.

“उठा मावशी, काही नाही,” ती म्हणायची. मग बाई स्वतःच पदर सारून, लाजत हसत खाली उतरायची.

शेवटच्या बाईने पदराखालूनच विचारलं, “उमटलं का गं काही?”

 सिस्टरने मला दिवा आणखी जवळ धरायला लावला. मग हातमोजे काढले, बाईच्या उशाशी गेली आणि तिच्या तोंडावरचा पदर हलक्या हाताने बाजूला केला.