भिंतीला टेकवलेली फरशी

भूतबीत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरुणपणी तर शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर भाषणं द्यायची, आणि घरी आले की परसातल्या संडासात जायला नवऱ्याला सोबत न्यायची... अशी शूर मी.

आमचं घर आदिलाबादच्या जुन्या वस्तीत. गल्लीखालची ड्रेनेज लाइन इतकी जुनी की जोराचा पाऊस झाला की घाण घरातच उलटी येते. उंदीर नकोत, वास नको म्हणून इथे सगळेच दारापुढच्या चेंबरवर फरशी ठेवून सिमेंटनं पक्की करतात. माझ्या मुलानंही केली. म्हणजे घाणीला बाहेर पडायची वाट बंद, घरात यायची उघडी.

गेल्या पावसाळ्यातली दुपार. सून सुजाता सिझेरियन होऊन नुकतीच घरी आलेली, टाके ओले, कुशीत बाळ. मुलगा ड्युटीवर, बोथ गावाला. न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर आलं. मी जाळीवर पोतं दाबलं, वर पाटा ठेवला... तर ते संडासातून आलं.

"आत्या," सुजातानं मला, सासूला, हाक मारली, "खोलीच्या उंबऱ्याला लागलं वो पाणी."

"तू पाय खाली टाकू नको. टाक्यांना लागलं तर महागात पडंल."

पहार घेऊन बाहेर गेले आणि फरशीवर घाव घातला. खपलीही निघाली नाही. समोरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "काऊन भिजून राह्यल्या बाई? देवाचं नाव घ्या."

"नाव तुमी घ्या, पहार मी घेतली हाये."

पण फरशी हलेना. आत येऊन खराट्यानं पाणी लोटू लागले, तेवढ्यात मोठा घोट गिळल्यासारखा आवाज झाला, आणि पाणी उंबऱ्यावरून मागं सरलं.

बाहेर पाहते तर चेंबर उघडा, घाण गल्लीत वाहतेय, आणि फरशी भिंतीला नीट टेकवून उभी. पाऊस धो धो, फरशी कोरडी. विशीतली मी असते तर तिथंच आडवी झाले असते.

"मी इथंच होती," काकू म्हणाल्या. "कोणी नाही आलं. तुमची सासू असंल. नारळ फोडा."

"जित्तेपणी तिनं नालीला बोट लावलं नाही, आता लावंल?"

मुलगा म्हणतो, पाण्याचा दाब. असेल. पण दाब फरशी उडवतो, भिंतीला टेकवून ठेवत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा, मला अजून कळलेलं नाही. नारळ मी फोडला नाही, फोडणारही नाही. फक्त मुलाला त्या फरशीला पुन्हा सिमेंट लावू दिलेलं नाही.