तांजोंग पगारच्या गल्लीतला तिसरा बार

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बंदराजवळच्या तांजोंग पगार भागातल्या जुन्या बारबद्दल कुणी विचारलं, की गमतीचं तेवढं सांगतो. एकात पियानो होता, त्याच्या निम्म्या पट्ट्या मुक्या. दुसऱ्यात मालकाचा पोपट गिऱ्हाइकांना शिव्या द्यायचा. तिसऱ्यावर आलो की विषय बदलतो.

तिसरा आंटीचा. जहाजांवरचे सगळेच तिला आंटी म्हणायचे. बोलताबोलता मध्येच ‘लाह’ जोडायची इथली सवय तिलाही होती. मी पाचवा इंजिनिअर, जहाजावरच्या इंजिनिअरांत सगळ्यात खालचा, म्हणून ती मला मुद्दाम ‘चीफ’ म्हणायची. पहिल्याच सफरीत मला कावीळ झाली आणि जहाज मला इथे उतरवून पुढे गेलं. इस्पितळातून सुटल्यावर आंटीनं मला बारच्या माडीवर ठेवून घेतलं. मी शाकाहारी, म्हणून पेजेसाठी तिनं नवं पातेलं आणलं. त्याला मासळीचा डावसुद्धा लागू दिला नाही.

पुढे मी इथेच किनाऱ्यावर नोकरी धरली, लग्न केलं. सासरी सांगून ठेवलं होतं, बारची पायरी कधी चढलो नाही. सासरे पुण्याहून आले तेव्हा त्यांना आणि बायकोला शहर दाखवत होतो. समोरून आंटी आली.

“चीफ! केवढा सुटलास लाह! बायको आणलीस आणि मला दाखवलीही नाहीस?”

सासऱ्यांनी विचारलं, “कोण हो या बाई?”

“काही कल्पना नाही,” मी म्हणालो. मग तिच्याकडे वळून इंग्रजीत, “मॅडम, तुमचा माणूस चुकलाय.”

तिनं एकवार माझ्या बायकोकडे पाहिलं. “सॉरी, सर. म्हातारी झाले, दिसत नाही नीट,” म्हणाली आणि चालू लागली. तिची नजर चांगली तीक्ष्ण होती.

नंतर दोनतीनदा बारसमोर जाऊन उभा राहिलो. आतून तिचं हसणं ऐकू यायचं. पाय उचलला नाही. मग एकदा गेलो तर खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. ती कुठे गेली, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. बाकीचे बारही एकेक करून गेले. आता तिथे ऑफिसातली पोरं कॉफी पितात.

बायकोही गेली. तिलाही हे कधी बोललो नाही. इथल्याच क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये एकटा जेवताना आंटीला सांगायचं राहिलेलं ते वाक्य मनात जुळवत असतो. फार मोठं नाही.

आंटी, मी तुला ओळखलं होतं. माफ कर.