तळटीपबाईंच्या एकतीस शंका

त्रैमासिकाच्या कचेरीत तिला सगळे तळटीपबाई म्हणत. छापायला आलेल्या शोधनिबंधांतले संदर्भ तपासणं हे तिचं काम. चित्रपटांवरच्या निबंधांना दुसरं कुणी हात लावत नसे. तिथे पान नंबर नसतो. संवाद कोण बोललं आणि कितव्या मिनिटाला, सेकंदाला, ते द्यावं लागतं. खरंखोटं करायचं तर अख्खा चित्रपट बघावा लागतो. ती बघायची, कानात प्राण आणून.

अकरा वर्षांपूर्वी ती चित्रपट संग्रहालयात कारकून होती. एका प्राध्यापकांना नऊ जुन्या चित्रपटांचे संवाद उतरवून हवे होते. प्रती खरखरत्या, अर्धे शब्द बुडालेले. सात महिने ती एकेक वाक्य वीस-वीसदा मागे नेऊन ऐकत राहिली. पुस्तक आलं तेव्हा पहिल्याच तळटीपेत छापलं होतं, ‘सर्व संवाद प्रस्तुत लेखकाने स्वतः ऐकून उतरवले आहेत.’

ती विचारायला गेली. सरांनी मान वरसुद्धा केली नाही.

“अहो बाई, तुम्ही ऐकलंत आणि लिहिलंत. त्यात तुमचं डोकं कुठे लागलं?”

खोलीतली माणसं हसली. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं आणि तिथेच राहिलं.

यंदा त्याच सरांचा निबंध तिच्या टेबलावर येऊन पडला. विषय होता पडद्यावरच्या गप्प बायका. सगळी मांडणी त्या नऊ चित्रपटांपैकी एकातल्या प्रसंगावर उभी होती. सासरा गरजतो, ‘या घरात शेवटचा शब्द माझा,’ आणि सून अवाक्षर काढत नाही. तिने तो प्रसंग लावला, ऐकला आणि खुर्चीत सावरून बसली. वाक्य सुनेचं होतं. पाठमोरी उभी राहून बोलते ती. सरांनी आठवणीवर भिस्त ठेवून सगळं ठोकून दिलं होतं.

“सरांना हळूच फोन करा ना,” संपादक म्हणाले. “मोठा माणूस आहे.”

“नियमात लेखी शंका म्हटलंय.”

तिने एकतीस शंका काढल्या. प्रत संपादकांना, प्रत निबंध तपासणाऱ्या दोन्ही परीक्षकांना. एकोणिसावी अशी होती: ‘हे वाक्य सून बोलते. १ तास १२ मिनिटे ४० सेकंद. निष्कर्ष तसाच ठेवायचा आहे का?’ हा शेवटचा प्रश्न तिने तीनदा लिहिला, अगदी साखरेत घोळून निघेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सर तणतणत आले. संपादक मागोमाग.

“हे काय लावलंय? तीस वर्षं शिकवतोय मी हा सिनेमा!”

“म्हणजे तीस वर्षं चुकीचा शिकवलात, सर.”

तिने प्रसंग लावला. सरांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले.

“तुमच्या पुस्तकात मात्र बरोबर छापलंय,” ती शांतपणे म्हणाली. “पान चौऱ्याऐंशी. तुम्ही स्वतः ऐकून उतरवलं होतंत ना?”

संपादकांनी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा खर्रकन उतरला.

“पुढच्या आवृत्तीत तुमचे आभार मानतो,” ते पुटपुटले.

“आभार नकोत. तळटीप बदला. माझं नाव घाला.”

“आणि नाही बदलली तर?”

“तर पान चौऱ्याऐंशी आणि हा निबंध शेजारी शेजारी छापा, असा अर्ज मी सकाळीच संपादक मंडळाला दिलाय.”

सरांनी निबंध मागे घेतला. एका परिषदेतलं त्यांचं बीजभाषण त्याच विषयावर होतं; तेही रद्द झालं. महिन्याभरात प्रकाशकाची दुरुस्तीची चिठ्ठी आली, तिच्या नावासकट. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

“मिळालं ना मनासारखं?” थोरली बहीण म्हणाली. “आता सोड बाई. म्हातारा झालाय तो.”

“अगं ताई, त्याचे आणखी चार निबंध छापून झालेत,” ती म्हणाली, आणि पहिल्या निबंधातला चित्रपट लावून तिने पेन्सिलीला टोक काढलं.